स्मिथसोनियनची ज्वालामुखी-नोंदवही: हवामानाचा हिशेब मांडायला कितपत कामाची?

कुठेतरी डोंगर फुटतो, राखेच्या लोटाचे फोटो फिरतात आणि दुसऱ्या दिवसापासून "यंदाचा पाऊस गेला" नाहीतर "आता पृथ्वी थंड होणार" असे संदेश सुरू होतात. या दोन्हींची शहानिशा करायला चार गोष्टी माहीत असाव्या लागतात: गंधक किती बाहेर पडलं, ते किती उंचीवर पोचलं, ज्वालामुखी कोणत्या अक्षांशावर आहे आणि महिना कोणता होता. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचा 'ग्लोबल व्होल्कॅनिझम प्रोग्राम' यांतल्या शेवटच्या दोन गोष्टी समोरच ठेवतो. पहिल्या दोन पानाच्या पोटात आहेत, शोधाव्या लागतात. आणि पानावर सगळ्यांत आधी नजरेत भरणारा आकडा या चारांपैकी एकही नसतो. हे परीक्षण मुख्यतः त्या घोळाबद्दल आहे.

आधी निकाल सांगून टाकू. उद्रेकांची नोंदवही म्हणून पाचपैकी साडेचार. हवामानावरचा परिणाम ताडायला ही एकटीच वापरली तर अडीच. सोबत आणखी तीन-चार फुकट सेवा उघडल्या तर चार.

हा उपक्रम १९६८ पासून चालू आहे. गेल्या सुमारे १२,००० वर्षांत जागे झालेले बाराशेहून जास्त ज्वालामुखी इथे नोंदलेले आहेत. प्रत्येकाला सहा आकडी क्रमांक आहे: आपल्या अंदमानातल्या बॅरन बेटाचा २६००१०, फिलिपाइन्सच्या पिनाटुबोचा २७३०८३, इंडोनेशियाच्या तांबोराचा २६४०४०. हा क्रमांक टिपून ठेवावा, कारण नावांच्या स्पेलिंगचा गोंधळ पावलोपावली आहे आणि काही प्रसिद्ध उद्रेकांना त्यांच्या नावाचं पानच नाही. आइसलँडमधला १७८३ चा लाकीचा उद्रेक ग्रिम्सव्होटनच्या पानावर मिळतो. इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरचा १२५७ चा सामालासचा उद्रेक रिंजानीच्या पानावर. माहीत नसेल तर माणूस "नोंदच नाही" असं समजून परत फिरतो.

सेवा पूर्ण फुकट आहे. नोंदणी नाही, जाहिराती नाहीत. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणासोबत मिळून नोव्हेंबर २००० पासून साप्ताहिक अहवाल निघतो. त्यात त्या आठवड्यात नव्याने सुरू झालेले आणि चालू असलेले उद्रेक असतात. भाषा कोरडी, उद्गारचिन्हं नाहीत, आणि ते बरंच आहे.

आता खटकणारी गोष्ट. प्रत्येक उद्रेकाच्या ओळीत 'व्हीईआय' हा स्फोटकता निर्देशांक दिलेला असतो. तो ० ते ८ असा चढतो, बातम्यांमध्ये तोच येतो, आणि वाचणारा समजतो की आकडा मोठा म्हणजे हवामानावर परिणाम मोठा. तसं नाही. १९८२ मध्ये मांडलेला हा निर्देशांक बाहेर फेकलेल्या राख-दगडाचं आकारमान आणि लोटाची उंची यांवर बेतलेला आहे. ५ म्हणजे एक घन किलोमीटरहून जास्त माल, ६ म्हणजे दहाहून जास्त, ७ म्हणजे शंभराहून जास्त. गंधकाचा त्यात कुठे संबंध नाही. राख काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत खाली बसते. ऊन अडवतात ते सल्फर डायऑक्साइडपासून बनलेले गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब, आणि ते स्थितांबरात (ढग-पावसाच्या वरच्या थरात) पोचले तर वर्ष-दोन वर्षं तरंगतात.

दोन ओळी शेजारी ठेवल्या की फरक कळतो. माउंट सेंट हेलेन्स, मे १९८०: निर्देशांक ५, सल्फर डायऑक्साइड सुमारे १० लाख टन. मेक्सिकोचा एल चिचॉन, मार्च-एप्रिल १९८२: निर्देशांक ५, सल्फर डायऑक्साइड सुमारे ७० लाख टन. आकडा तोच, गंधक सातपट. पहिल्याने जागतिक तापमानाला धक्काही लावला नाही. दुसऱ्याने स्थितांबरात असा पडदा धरला की हवाईच्या मौना लोआ वेधशाळेत सूर्यप्रकाशाचं मोजमाप सरळ खाली उतरलं.

लाकीचं उदाहरण याहून बोलकं. निर्देशांक फक्त ४. पण सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग आठ महिने वाहत होती आणि त्यातून अंदाजे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड निघाला, म्हणजे पिनाटुबोच्या सहापटीहून जास्त. १७८३ च्या उन्हाळ्यात युरोपवर त्याचं कोरडं धुकं पसरलं. हवामान प्रतिमानांवरच्या (संगणकी मॉडेलांवरच्या) अभ्यासांत आफ्रिकेचा आणि भारताचा मोसमी पाऊस त्याने दुबळा केल्याचं दिसतं, आणि नाईलचं पाणी त्या वर्षी खाली गेलेलं होतं. 'व्हीईआय ४' एवढंच वाचून पान बंद करणाऱ्याच्या हातून हे सगळं निसटतं.

मग गंधक कुठे पाहायचं? ज्वालामुखीच्या पानावर खाली उतरत जा. उद्रेकांच्या इतिहासाच्या पुढे उत्सर्जनाचा एक विभाग येतो. तिथे सुरुवातीची आणि शेवटची तारीख, गृहीत धरलेली उंची आणि सल्फर डायऑक्साइडचं वजन किलोटनांत असतं. हे आकडे स्मिथसोनियनचे नाहीत, नासाच्या अनेक उपग्रहांच्या नोंदींतून जुळवलेल्या तक्त्यातून उचललेले आहेत. तीन गोष्टी ध्यानात ठेवून वाचायचे.

पहिली: ही नोंद १९७८ पासूनची आहे. त्याआधीची जागा रिकामी असते, आणि रिकामं म्हणजे शून्य नव्हे. बालीतल्या आगुंगने १९६३ मध्ये स्थितांबर चांगलंच गढूळ केलं होतं, पण त्या उद्रेकाची उत्सर्जनाची ओळ इथे मिळणार नाही.

दुसरी: एकक. १ किलोटन म्हणजे १,००० टन, १,००० किलोटन म्हणजे १ मेगाटन, आणि मेगाटन व टेराग्रॅम एकच. इथवर ठीक आहे. खरी चूक होते ती पदार्थात. नासाचा तक्ता सल्फर डायऑक्साइडचं वजन देतो, हिमगाभ्यांवरचे (ध्रुवीय बर्फात खोदून काढलेल्या दांड्यांवरचे) तक्ते बहुधा नुसत्या गंधकाचं, काही निबंध सल्फेटचं. एकाच मालाची ही तीन वजनं १ : २ : ३ अशी असतात: १ टन गंधक, २ टन सल्फर डायऑक्साइड, ३ टन सल्फेट. तांबोराला एका ठिकाणी २८ आणि दुसऱ्या ठिकाणी ५६ दिसलं तर भांडायचं कारण नाही, दोन्ही एकच.

तिसरी: उंचीच्या स्तंभात 'गृहीत' हा शब्द आहे आणि तो शोभेसाठी घातलेला नाही. अतिनील किरणांवर चालणारं उपग्रह-उपकरण वरून खाली पाहतं आणि वायू कुठल्या थरात आहे हे धरूनच त्याचं वजन काढतं. सेंटिनेल-५पी उपग्रहावरचं ट्रोपोमी हे उपकरण एकाच ढगासाठी १, ७ आणि १५ किलोमीटर अशी तीन गृहीतकं लावून तीन उत्तरं देतं. वायू खरोखर १५ किलोमीटरवर असताना ७ चं उत्तर उचललं तर वजन फुगलेलं निघतं. समाजमाध्यमांवर एकाच उद्रेकाचे दुपटी-तिपटीने वेगळे आकडे फिरतात, त्यामागे बरेचदा हेच असतं.

पहिल्या दिवसाचा आकडा तर घेऊच नये. ताज्या लोटात राख आणि बर्फ दाटलेले असतात, त्यांच्या आड वायू लपतो, आणि फार दाट ढगात उपकरणाची मोजण्याची ताकदच संपते. दोन-तीन दिवसांनी ढग पसरला की बेरीज नीट येते. रात्री आणि उत्तरेकडच्या हिवाळ्यात ही अतिनील उपकरणं आंधळी असतात, तेव्हा अवरक्त उपकरणांकडे वळावं लागतं.

उंचीबद्दल थोडं थांबायला हवं, कारण परिणाम होणार की नाही हे इथेच ठरतं. ढग-पावसाचा खालचा थर म्हणजे तपांबर; ते आणि स्थितांबर यांच्यामधली सीमा, म्हणजे तपस्तब्धी, विषुववृत्ताजवळ साधारण १६-१७ किलोमीटरवर, तर ध्रुवांकडे ८ ते १० किलोमीटरवर असते. त्यामुळे १२ किलोमीटरचा लोट अलास्कात स्थितांबरात शिरतो आणि इंडोनेशियात पावसाच्या ढगांतच राहतो. तपांबरातला गंधक काही दिवसांत किंवा फार तर दोन आठवड्यांत पावसाबरोबर धुऊन जातो. स्थितांबरात पाऊस नाही. तिथे महिनाभरात त्याचे आम्लाचे थेंब होतात आणि त्यांचं प्रमाण साधारण वर्षभराने एक-तृतीयांशावर येतं. स्मिथसोनियनच्या अहवालांत उंची कधी समुद्रसपाटीपासून तर कधी शिखरापासून दिलेली असते, ओळ नीट वाचायला लागते. इक्वेडोरच्या कोटोपाक्सीचं शिखरच ५,९०० मीटरवर आहे. "शिखरावर २ किलोमीटर" म्हणजे समुद्रसपाटीपासून जवळजवळ ८.

पिनाटुबोचं पान या सगळ्यासाठी उत्तम सराव आहे. १५ जून १९९१, अक्षांश १५ उत्तर, लोट ३५ किलोमीटरच्या वर, सल्फर डायऑक्साइड दीड ते दोन कोटी टन. चारही अटी पूर्ण. पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं, उलट स्थितांबर दोन-तीन अंशांनी तापलं, कारण थेंब उष्णता शोषतात. पावसावरही परिणाम झाला: १९९२ मध्ये जगभर जमिनीवरचा पाऊस आणि नद्यांचा प्रवाह लक्षात येण्याइतका घटला. कारण सरळ आहे. ऊन कमी झालं की समुद्रावरून बाष्प कमी उठतं आणि जमीन-समुद्र यांच्या तापमानातला फरक आक्रसतो. मोसमी वाऱ्यांचा जोर त्या फरकावरच असतो. त्याच पानाच्या अहवालांत आणखी एक गोष्ट सापडते. उद्रेकाच्या दिवशीच युन्या हे चक्रीवादळ लुझोनवर आलं होतं. पावसाने भिजलेली राख छपरांवर साचली आणि मृत्यूंपैकी बरेच त्या छपरांखाली झाले. ज्वालामुखी आणि वादळ इथे निव्वळ योगायोगाने भेटले, एकामुळे दुसरं झालं नाही. पण नुकसान दोघांच्या बेरजेपेक्षा मोठं होतं.

आता ताजं आणि आपल्या डोक्यावरून गेलेलं उदाहरण. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियाच्या अफार भागात हायली गुब्बी फुटला. त्याआधीच्या एकाही उद्रेकाची नोंद नव्हती. राख तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून गुजरात-राजस्थानमार्गे दिल्लीवर आली, काही विमानं रद्द झाली. स्मिथसोनियनचा साप्ताहिक अहवाल अशा वेळी कामाचा नाही, तो आठवड्याचा आहे. तासांच्या हिशेबासाठी ज्वालामुखी राख सूचना केंद्रं आहेत. जगात अशी नऊ आहेत. या उद्रेकाच्या सूचना फ्रान्समधल्या तुलूज केंद्राने काढल्या, बॅरन बेटाच्या ऑस्ट्रेलियातल्या डार्विन केंद्राकडून येतात. सूचना साध्या मजकुरात असते, सहसा दर सहा तासांनी, पुढच्या ६, १२ आणि १८ तासांच्या अंदाजासह. 'एफएल' म्हणजे विमानाच्या उंचीची पातळी, त्यापुढचा आकडा शंभर फुटांच्या पटीत असतो. एफएल४५० म्हणजे ४५,००० फूट, म्हणजे १३.७ किलोमीटर.

आणि इथेच हवामानाचं उत्तर मिळतं. अक्षांश साडेतेरा उत्तर, महिना नोव्हेंबर, लोट सुमारे १४ किलोमीटर: म्हणजे तपस्तब्धीच्या खाली. बहुतेक गंधक तपांबरातच राहिला. दिल्लीवरून गेलेला थर विमानांच्या उंचीवर होता, जमिनीवरच्या हवेच्या दर्जाशी त्याचा फारसा संबंध नव्हता. आणि पुढच्या पावसाळ्याशी तर नाहीच. "राख आपल्यावरून गेली म्हणजे पाऊस बिघडणार" हे म्हणणं दोन आकड्यांत निकालात निघतं.

पण महिना का पाहायचा? शेजारच्या एरिट्रियातला नाब्रो घ्या. तो जून २०११ मध्ये फुटला. पावसाळ्यात आशियावर, वरच्या थरात, मोठं प्रतिचक्रीवादळी अभिसरण (जास्त दाबाभोवती फिरणारे वारे) असतं आणि खालची हवा वर चढत असते. नाब्रोचा गंधक स्थितांबरात पोचला. लोट थेट तिथवर गेला की मोसमी अभिसरणाने त्याला उचललं, यावर संशोधकांत चांगलीच जुंपली. हाच लोट नोव्हेंबरात उठला असता तर ती उचल मिळाली नसती. स्मिथसोनियनच्या पानावर तारीख आहे, पण तारखेचा हा अर्थ कुठेही लिहिलेला नाही. आपणच जोडायचा.

गंधकाच्या ढगाचे ताजे नकाशे बेल्जियमच्या अवकाश-वातावरण संस्थेच्या 'सॅक्स' सेवेत मिळतात. अतिनील आणि अवरक्त अशा दोन्ही उपकरणांचे नकाशे एका जागी आहेत आणि ईमेल सूचना मागवता येते. नकाशे डॉब्सन एककात (डोक्यावरच्या हवेच्या उभ्या स्तंभात वायू किती, याचं माप) असतात, थेट वजन मिळत नाही. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज युरोपच्या कोपर्निकस वातावरण सेवेत पाहावा. तो दिवसातून दोनदा निघतो आणि रंगीत नकाशे देखणे आहेत. मात्र त्याची जाळी (हिशेबाचा एकेक चौकोन) साधारण ४० किलोमीटरची, त्यामुळे "आमच्या गावावर" असा प्रश्न तिला विचारू नये. तिच्या गंधकाच्या अंदाजातही उंचीचं गृहीतक दडलेलं असतं: २०१९ च्या रशियातल्या रायकोके उद्रेकावर याच चमूने केलेल्या कामात, सरसकट ५ किलोमीटर धरण्याऐवजी उपग्रहाने मोजलेली उंची वापरली तेव्हा ढगाची वाट जास्त बरोबर आली.

महिन्यांचा पल्ला हवा असेल तर मौना लोआचा सूर्यप्रकाश-पारगम्यतेचा (हवेतून किती ऊन पार होतं त्याचा) आलेख. १९५८ पासूनची रेघ, तीत तीन खोल खड्डे: आगुंग, एल चिचॉन, पिनाटुबो. शाळेत फळ्यावर लावावा असा हा आलेख आहे. मोठा उद्रेक कोणता आणि नुसता गाजलेला कोणता हे तो एका नजरेत सांगतो. (नोव्हेंबर २०२२ मध्ये खुद्द मौना लोआ फुटला आणि लाव्हाने वेधशाळेचा रस्ता आणि वीज तोडली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.)

एका उद्रेकापुढे मात्र ही सगळी मांडणी अपुरी पडते. १५ जानेवारी २०२२, टोंगातला हुंगा. लोट ५७ किलोमीटरवर, आजवर मोजलेला सर्वांत उंच. गंधकाच्या स्तंभात मात्र जेमतेम ४ ते ५ लाख टन. तक्त्यावरून तो बिनमहत्त्वाचा वाटेल. पण समुद्राखालून फुटल्यामुळे त्याने सुमारे १५ कोटी टन पाण्याची वाफ स्थितांबरात नेली, तिथल्या एकूण बाष्पाच्या जवळपास दहा टक्के. बाष्प हा हरितगृह वायू. उत्सर्जनाच्या विभागात पाण्याचा स्तंभच नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उद्रेक समुद्राखालचा असेल तर ही नोंदवही बाजूला ठेवून बाष्पाच्या उपग्रह-नोंदी शोधाव्यात.

सगळा संग्रह तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येतो, आणि गंभीर कामासाठी तोच मार्ग. शोध-पानावर निर्देशांक आणि वर्षांची मर्यादा घालून हवा तेवढा भागही काढता येतो. उतरवताना काय अडतं ते सांगतो. फाइलचा विस्तार एक्सेलचा आहे, आत मात्र एक्सएमएल असतं, म्हणून एक्सेल "स्वरूप जुळत नाही" अशी तक्रार करतं. हो म्हणून पुढे जावं. पहिली ओळ शीर्षकाची आहे, स्तंभांची नावं दुसऱ्या ओळीत. पायथॉनमध्ये वाचताना एक ओळ सोडा. इसवीसनापूर्वीची वर्षं उणे चिन्हाने येतात. वर्ष, महिना, दिवस वेगवेगळ्या स्तंभांत आहेत आणि महिना माहीत नसेल तिथे शून्य असतं. तीन स्तंभ जोडून तारीख बनवायला गेलं की निम्मा तक्ता कोसळतो. वर्षाच्या अनिश्चिततेचा स्तंभ वेगळा आहे, तो गाळू नका: जुन्या उद्रेकांत तो शंभर-दोनशे वर्षांचाही असतो. उद्रेकाचा प्रकार 'खात्रीचा', 'अनिश्चित' की 'खोडून काढलेला' हेही पाहा. गाळणी न लावता मोजलं तर रद्द झालेले उद्रेकही बेरजेत येतात.

या तक्त्याचा सर्वांत जास्त होणारा गैरवापर म्हणजे शतकवार उद्रेक मोजून "ज्वालामुखी वाढले हो" अशी आरोळी ठोकणं. वाढल्या त्या नोंदी. छापखाने, तारायंत्र, वसाहतींतले अधिकारी, मग उपग्रह, तशी रेघ चढत गेली, आणि दोन्ही महायुद्धांच्या काळात ती खाली आली, कारण लक्ष दुसरीकडे होतं. मोठे उद्रेक कुणाच्या नजरेतून सुटत नाहीत, म्हणून त्यांची संख्या त्या मानाने स्थिर दिसते. तसंच 'सध्या चालू' यादीत नेहमी ४०-५० नावं असतात. तीन महिन्यांचा खंड पडेपर्यंत उद्रेक चालू समजला जातो, आत्ता या क्षणी तेवढे डोंगर धडधडत आहेत असा त्याचा अर्थ नाही.

१९७८ च्या मागे जायचं तर ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या हिमगाभ्यांतला गंधक हाच पुरावा. त्यावरून २०१७ मध्ये तयार झालेला 'इव्हॉल्व्ह२के' तक्ता इसवीसनपूर्व ५०० ते इसवीसन १९०० पर्यंतचा आहे. त्यात तांबोरा, एप्रिल १८१५, सुमारे २८ मेगाटन गंधक. १८१६ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात जूनमध्ये बर्फ पडलं, पश्चिम युरोपात उन्हाळाभर थंडी-पाऊस राहिला आणि स्वित्झर्लंडमध्ये उपासमार झाली. सामालासचा आकडा तांबोराच्या दुप्पट. दोन्ही ध्रुवांवर गंधक सापडला तर उद्रेक उष्ण कटिबंधातला, फक्त ग्रीनलँडमध्ये सापडला तर उत्तरेकडचा, असा ढोबळ ठोकताळा लावतात. हा भेद पावसासाठी महत्त्वाचा आहे. उत्तर गोलार्धातच पडदा धरला तर पावसाचा विषुववृत्तीय पट्टा दक्षिणेला सरकतो. १९१२ च्या अलास्कातल्या नोव्हारुप्तानंतर आणि १९८२ च्या एल चिचॉननंतर आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात दुष्काळी वर्षं आली.

आपल्या पावसाशी ताडून पाहायचं असेल तर पुण्याच्या आयआयटीएमची (भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेची) १८७१ पासूनची मासिक पर्जन्यमालिका आहे, कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ अशी विभागवार. रीत अशी: गंधकाच्या आकड्यावरून उद्रेक निवडा, निर्देशांकावरून नको. उद्रेकानंतरच्या पहिल्या दोन पावसाळ्यांची आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करा. मग पॅसिफिकमध्ये एल निनो होता का ते प्रत्येक ओळीपुढे लिहा. इथे गाडं अडतं. १८७१ पासून खरोखर दखलपात्र असे क्राकाताउ १८८३, सांता मारिया १९०२, नोव्हारुप्ता १९१२, आगुंग १९६३, एल चिचॉन १९८२, पिनाटुबो १९९१. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सहा, आणि त्यांतल्या चारांच्या आसपास एल निनो होता. १९८२ चा भारतातला दुष्काळ एल चिचॉनच्या खात्यावर टाकायला अनेकांचे हात शिवशिवतात, पण त्या वर्षीचा एल निनो शतकातल्या सर्वांत बलाढ्यांपैकी होता. म्हणून लांब पल्ल्याची मालिका आणि प्रतिमानं घ्यावी लागतात. आयआयटीएमने जर्मन सहकाऱ्यांसोबत २०२० मध्ये केलेल्या अभ्यासात असं दिसलं की मोठ्या उद्रेकांनंतर एल निनो आणि आपला मोसमी पाऊस एका तालात चालण्याची शक्यता वाढते. म्हणजे परिणाम असेल तो नुसता सरळ पाऊस कापणारा नाही, पॅसिफिकच्या वळणाने येणारा आहे. सहा ओळींच्या बेरीज-वजाबाकीतून हे कधीच दिसलं नसतं.

काही किरकोळ तक्रारी. सगळं इंग्रजीत. मोबाइलवर रुंद तक्ते आडवे सरकवत बसावं लागतं, तेव्हा संगणक बरा. उद्रेक, भूकंप आणि उत्सर्जन एकत्र दाखवणारा हलता नकाशा (उद्रेक-भूकंप १९६० पासून, गंधक १९७८ पासून) वर्गात दाखवायला झकास आहे. पण त्यातले गंधकाचे वर्तुळ मोठे दिसले म्हणजे वायू उंच गेला असं विद्यार्थी समजतात, ते आधीच खोडून काढा.

सह्याद्री शोधणाऱ्यांसाठी एक सूचना: दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो या नोंदवहीच्या आवाक्याबाहेर आहे. सुमात्रातल्या तोबाची राख जुन्नर तालुक्यात बोरीला, कुकडीच्या काठी थराने सापडते. तो थर ७४,००० वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाचा की त्याहून जुन्या, यावर वाद आहे. पण उद्रेकांची यादी १२,००० वर्षांवर थांबते, त्यामुळे दोन्हींपैकी कशाचीच ओळ तोबाच्या पानावर शोधत बसू नये. आणि भारताच्या नावापुढे बॅरन बेट पाहिलं की १९९१ ची ओळ उघडा. जवळपास १६० वर्षं झोपलेला हा डोंगर पिनाटुबोच्याच वर्षी जागा झाला, पण हवामानावर त्याचा परिणाम शून्य. दोघांची पानं शेजारी उघडून फक्त उंची आणि गंधक हे दोनच स्तंभ वाचायला दिले, तर नववीतलं मूलही कारण सांगेल.